ठिपक्यांचा कागद

संगणकाच्या मेमरीला लांबी असते, रुंदी नसते. पडद्यावर आपण तक्ते पाहतो, नकाशे पाहतो, फोटो पाहतो, आणि त्या सगळ्यांना वर-खाली, डावं-उजवं असतं. आत मात्र एकच गल्ली आहे. एका बाजूला ओळीने घरं, प्रत्येक घरावर नंबर, पहिल्या घराचा नंबर शून्य. महाराष्ट्राचा नकाशा या गल्लीत राहायला आला, की त्याला उसवून यावं लागतं. आधी सगळ्यात वरची आडवी ओळ, तिला लागून दुसरी, मग तिसरी, असं करत अख्खा नकाशा एका लांब धाग्यासारखा अंथरला जातो.

यात शेजार बिघडतो. समजा, हजार ओळी आणि हजार रकान्यांचा तक्ता आहे आणि प्रत्येक चौकटीत एक दशांश आकडा, म्हणजे आठ बाइट. चौकटीतल्या आकड्याचा पूर्वेकडचा शेजारी आठ बाइटवर, अगदी भिंतीला भिंत लावून आहे. दक्षिणेकडचा शेजारी मात्र ८००० बाइट दूर. नकाशावर दोघंही सारख्याच अंतरावर असतात. सी भाषेत तक्ता असा आडव्या ओळींनी अंथरतात आणि फोर्ट्रानमध्ये उभ्या रांगांनी. त्यामुळे फोर्ट्रानमध्ये दक्षिणेचा शेजारी जवळ येतो आणि पूर्वेचा लांब जातो. कोणत्या तरी एका दिशेची ताटातूट होतेच.

एकच संगणक सगळं काम करत असेल तोवर याची फारशी झळ लागत नाही. खरी गंमत सुरू होते ती काम वाटून घेताना.

हवामानाचं गणित वाटून करायची कल्पना संगणकाहून जुनी आहे. लुईस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम करत होता. त्या धामधुमीत त्याने हाताने आकडेमोड करून २० मे १९१० या एका जुन्या दिवसाचं हवामान गणिताने काढायचा प्रयत्न केला. उत्तर साफ चुकलं. सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल, असं अशक्य काहीतरी निघालं. तरीही १९२२ साली त्याने हे सगळं पुस्तकात छापलं, चुकीसकट, आणि त्याच पुस्तकात एक स्वप्न मांडलं. एक प्रचंड गोल नाट्यगृह, आतल्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा रंगवलेला, आणि सज्जांमध्ये बसलेली ६४,००० माणसं. प्रत्येकाकडे नकाशाचा आपापला तुकडा आणि तेवढ्यापुरतं गणित. मधल्या उंच खांबावर उभा राहून एकजण पुढे धावणाऱ्यांवर गुलाबी आणि मागे पडणाऱ्यांवर निळा प्रकाश टाकतो, म्हणजे सगळे एका लयीत राहतात.

या चित्रातला मला सर्वांत आवडणारा तपशील सहसा कोणी सांगत नाही. आपल्या तुकड्याचे ताजे आकडे प्रत्येकाने छोट्या दिव्यांच्या फलकावर लावायचे आणि शेजाऱ्यांनी ते वाचून आपल्या गणितात घ्यायचे. उत्तर-दक्षिणेचा धागा तुटू नये म्हणून एकच आकडा शेजारशेजारच्या दोन विभागांत दिसेल, अशी व्यवस्थाही रिचर्डसनने केली होती. समांतर संगणन करणारे आज नेमकं हेच करतात. प्रत्येक प्रोसेसर आपल्या तुकड्याभोवती शेजाऱ्यांच्या आकड्यांची एक जादा किनार बाळगतो आणि गणिताच्या दर पावलाला ती ताजी करून घेतो. तिला ते ‘हेलो’ म्हणतात. आपल्याकडे मूर्तीमागे असते ती प्रभावळ.

आता दिव्यांच्या फलकाची जागा संदेशाने घेतली आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभा केलेला परम ८००० हा महासंगणक याच रीतीचा होता. ट्रान्सप्युटर नावाच्या चिपना शेजाऱ्यांशी बोलायला चार-चार तारा असत आणि प्रत्येकीची मेमरी स्वतंत्र होती. दुसऱ्याच्या घरात डोकावता येत नाही, पत्र पाठवायचं आणि पत्राची वाट पाहायची. तेव्हा पत्र लिहायची सर्वमान्य रीत मात्र नव्हती. जगात जितके समांतर संगणक बनवणारे, तितक्या संदेशांच्या बोली. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर न्यायचा, तर बराचसा नव्याने लिहावा लागे. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम्सबर्ग इथे या विषयातली मंडळी एक मानक ठरवण्यासाठी जमली. पुढच्या वर्षी दर सहा आठवड्यांनी बैठका झाल्या आणि मे १९९४ मध्ये एमपीआय, म्हणजे मेसेज पासिंग इंटरफेस, या मानकाची पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या बहुतेक महासंगणकांवर शास्त्रीय प्रोग्राम याच बोलीत बोलतात.

या बोलीत पत्र पाठवताना मजकुराबद्दल तीन गोष्टी सांगायच्या: आकडे मेमरीत कुठून सुरू होतात, किती आहेत, आणि कोणत्या प्रकारचे आहेत. तुकड्याची दक्षिणेची किनार पाठवायची असेल तर सोपं आहे. ती आडवी ओळ, हजार आकडे गल्लीत सलग बसलेले. इथून सुरू, हजार घ्या, प्रकार दशांश. पण पूर्वेची किनार पाठवायची झाली, तर ती उभी रांग आहे. तिचे हजार आकडे गल्लीत ८००० बाइटच्या अंतरांनी विखुरलेले. ‘इथून हजार’ म्हटलं तर भलतेच आकडे जातील.

जुना उपाय उघड आहे. एक रिकामी पेटी घ्यायची, फेरा मारत एकेक आकडा उचलून तिच्यात ठेवायचा, पेटी पाठवायची, आणि पलीकडे तसाच फेरा मारत आकडे जागच्या जागी पसरायचे. हे चालतं. पण प्रत्येक आकारासाठी असे दोन फेरे लिहावे लागतात, आणि त्यांतल्या एकात एकाने जरी मोजणी चुकली, तर सगळी रांग एक घर सरकते. संगणक तक्रार करत नाही, प्रोग्राम शेवटपर्यंत धावतो आणि बऱ्यापैकी खरं वाटणारं चुकीचं उत्तर देतो. अशी चूक शोधण्यात मी रात्री घालवल्या आहेत. पडद्यावरचे आकडे एकेक करून पाहत जायचं आणि ते सगळे बरोबरच दिसायचे.

यावर एमपीआय घडवणाऱ्यांनी काढलेला तोडगा मला पहिल्यांदा कळला, तेव्हा आमच्या घरातला ठिपक्यांचा कागद आठवला. ठिपक्यांची रांगोळी काढायची, तर ठिपके सारख्या अंतरावर हवेत. म्हणून एका जाड कागदावर आखून घेऊन, पेटत्या उदबत्तीने भोकं पाडलेली असत. अंगणात कागद टेकवायचा, वरून रांगोळी भुरभुरवायची, हात फिरवायचा, कागद अलगद उचलायचा. खाली ठिपके तयार. कागदात स्वतःची रांगोळी नव्हती. कुठे पडायची, एवढंच त्याला ठाऊक होतं. तोच कागद उद्या दुसऱ्या अंगणात, परवा तिसऱ्या.

एमपीआयमध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्याला असा कागद स्वतः बनवता येतो. आकडे गोळा करण्याची कृती लिहायची नाही, ते कुठे कुठे आहेत याचं वर्णन द्यायचं, आणि त्या वर्णनाला एक नाव द्यायचं. उभ्या रांगेसाठी व्हेक्टर नावाची सोय आहे. तिला सांगायचं: हजार ठिपके, प्रत्येक ठिपक्यात एक आकडा, दोन ठिपक्यांच्या सुरुवातींमध्ये हजार आकड्यांचं अंतर. हजार घरांचे हजार पत्ते या तीन संख्यांमध्ये मावले. मग हा कागद हवा तिथे टेकवून म्हणायचं, याच्या भोकांतून जे दिसेल ते पाठव. पाठवण्याच्या आज्ञेला ही एकच वस्तू वाटते. ‘एक नग, प्रकार उभी रांग.’

इंग्रजीत याला डिराइव्ह्ड डेटाटाइप म्हणतात. मराठीत शब्द शोधायला लांब जावं लागलं नाही, कारण शाळेच्या व्याकरणात तो होताच. शब्दसिद्धीचा धडा आठवा: सिद्ध शब्द आणि साधित शब्द. पूर्णांक, दशांश, अक्षर हे एमपीआयचे सिद्ध प्रकार, आणि त्यांच्यापासून आपण घडवलेले ते साधित. हे साम्य आणखीही आत जातं. एकच प्रकार सलग पुन्हा पुन्हा मांडून घडवलेला प्रकार म्हणजे ‘हळूहळू’सारखा अभ्यस्त शब्द. वेगवेगळे प्रकार जोडून घडवलेला स्ट्रक्ट म्हणजे ‘पोळपाट’सारखा सामासिक. आणि घडवलेला प्रकार पुन्हा कच्चा माल म्हणून वापरता येतो. सामासिकांची उभी रांग, अशा रांगांचा ठोकळा, ठोकळ्यांची माळ, कितीही खोल जा. कागदाला भोकं पाडण्यासाठी आधीचे कागदच वापरायचे.

सामासिकाचं एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. पर्जन्यमापक केंद्राची नोंद घ्या: केंद्राचा क्रमांक, पूर्णांक, चार बाइट. पाऊस, दशांश, आठ बाइट. आणि नोंद खात्रीची आहे की नाही याची एक अक्षरी खूण, एक बाइट. बेरीज १३. पण आजच्या बहुतेक यंत्रांवर हीच नोंद मेमरीत २४ बाइट व्यापते. आठ बाइटच्या आकड्याला आठाने भाग जाणाऱ्या नंबरच्या घरापासून सुरुवात लागते, म्हणून क्रमांकानंतर चार घरं रिकामी सुटतात. खुणेनंतर सात घरं सुटतात, म्हणजे पुढच्या नोंदीचा पाऊसही योग्य घरी पडेल. ही रिकामी घरं कोणी प्रोग्राममध्ये लिहिलेली नसतात, कंपायलर गुपचूप सोडतो. साधित प्रकारात आपण सांगतो: पूर्णांक शून्यावर, दशांश आठावर, अक्षर सोळावर. मग तारेवरून १३ बाइटचा ऐवज जायला मोकळा, मधली हवा पाठवायचं बंधन नाही.

म्हणून एमपीआय प्रत्येक प्रकाराची दोन मापं ठेवतं. साइझ म्हणजे भोकांतून खरोखर किती माल दिसतो ते, इथे १३. एक्स्टेंट म्हणजे कागदाची लांबी, इथे २४. अशा शंभर नोंदी पाठव म्हटलं, की पहिला कागद जिथे संपतो तिथे दुसरा टेकवायचा, मग तिसरा. पुढचा कागद कुठे टेकवायचा, हे एक्स्टेंट ठरवतो.

नवखा माणूस इथे हमखास फसतो, आणि हा फसण्याचा प्रकार मला फार सुंदर वाटतो. मघाची उभी रांग घ्या. तिचं पहिलं भोक तक्त्याच्या पहिल्या ओळीत, शेवटचं हजाराव्या ओळीत. माल ८००० बाइट, पण कागदाची लांबी ७९,९२,००८ बाइट, म्हणजे जवळजवळ अख्खा तक्ता. आता शेजारशेजारच्या दोन उभ्या रांगा पाठवायच्या म्हणून ‘दोन नग’ म्हटलं, तर काय होईल? पहिला कागद संपतो तिथे दुसरा लागेल, म्हणजे तक्त्याच्या शेवटच्या ओळीत. त्याचं पहिलं भोक तिथल्या दुसऱ्या चौकटीवर पडेल आणि बाकीची ९९९ तक्त्याच्या बाहेर, परक्या मेमरीवर.

रांगोळी काढणारीला यावरचा उपाय सांगावा लागणार नाही. जादा कागद दुमडायचा. एमपीआयमध्ये रिसाइझ्ड नावाची सोय आहे. भोकं जिथे आहेत तिथेच राहू देत, पण या कागदाची लांबी फक्त आठ बाइट आहे असं धर. मग दुसरा कागद पहिल्यापासून एकच घर सरकून टेकतो. दोन्ही कागद एकमेकांवर जवळजवळ पूर्ण पडलेले, तरी भोकावर भोक येत नाही. पहिल्याची भोकं पहिल्या रांगेवर, दुसऱ्याची दुसऱ्या रांगेवर. हजार कागद असे सरकवत गेलं, तर प्रत्येक चौकट बरोबर एकदा दिसते.

तक्त्याऐवजी ठोकळा असेल, तर गुंता आणखी वाढतो. हवामानात उंचीही असते. शंभर बाय शंभर बाय शंभर आकड्यांचा ठोकळा घ्या. त्याच्या प्रत्येक बाजूवर दहा हजार आकडे आहेत. सी भाषेच्या अंथरणीत एका जोडीच्या बाजू पूर्ण सलग मिळतात. दुसऱ्या जोडीच्या बाजूंचे शंभर-शंभर आकड्यांचे शंभर तुकडे पडतात. तिसऱ्या जोडीच्या बाजूंचे दहा हजार आकडे सुटे, प्रत्येक शेजाऱ्यापासून तुटलेला. डोळ्याला तिन्ही सारखेच चौरस. मानकाच्या १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सबअरे नावाची सोय आली आणि तिला तिन्ही सारखेच वाटतात. पूर्ण ठोकळा केवढा, हवा तो तुकडा केवढा, तो कुठून सुरू होतो, एवढं सांगितलं की पुरे.

हे सगळं पाठवणाऱ्याच्या बाजूचं झालं. घेणाऱ्याकडे कोणता कागद असायला हवा? कोणीही म्हणेल, तसाच. तिकडे ज्या भोकांतून आकडे निघाले, त्याच मापाच्या भोकांत इकडे पडले पाहिजेत. पण मानक असं म्हणत नाही. मानकात प्रत्येक प्रकाराच्या वर्णनाचे दोन भाग आहेत: कोणत्या प्रकारचे आकडे कोणत्या क्रमाने येतात, आणि ते मेमरीत कुठे कुठे बसतात. पहिल्याला टाइप सिग्नेचर म्हणतात. ही सही पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे जुळायला हवी, बस. दुसरा भाग प्रत्येकाच्या घरचा खासगी कारभार. पाठवणारा आपला कागद पत्रासोबत पाठवतच नाही.

आता याचा परिणाम पाहा. लहानपणी पाढ्यांच्या पुस्तकातली एक उभी रांग एकाने वाचून दाखवायची आणि दुसऱ्याने पाटीवर आडवी लिहायची, असं आपण सहज करायचो. वाचणारा वरून खाली, लिहिणारा डावीकडून उजवीकडे, मधे फक्त आवाज. आवाजाला उभं-आडवं नसतं. अगदी तसंच, पाठवणाऱ्याने ‘उभ्या रांगांचा’ प्रकार वापरून तक्ता पाठवला आणि घेणाऱ्याने ‘सलग आकडे’ म्हणून तो घेतला, तर दोन्हीकडे सही एकच, दशांश, दशांश, दशांश, दहा लाख वेळा. म्हणून देवाणघेवाण वैध. आणि पलीकडे पोहोचलेला तक्ता मूळ तक्त्याच्या कर्णाभोवती उलटलेला असतो. रांगांच्या ओळी झालेल्या असतात. गणितात याला ट्रान्सपोज म्हणतात. तो करणारी एकही ओळ प्रोग्राममध्ये नसते. दोन माणसांनी एकाच गोष्टीचं वेगवेगळं वर्णन केलं आणि त्या वर्णनांमधल्या फरकातून गणित झालं. मी हे प्रथम करून पाहिलं तेव्हा तीन बाय तीनचा तक्ता घेतला होता, एक ते नऊ आकड्यांचा. पडद्यावर १, ४, ७ ही पहिली ओळ उमटली आणि मी प्रोग्राममध्ये ट्रान्सपोज करणारी ओळ शोधू लागलो.

हा नुसता चमत्कार नाही, याची गरज रोज पडते. पुण्याच्या पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ पासून ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा महासंगणक आहे, आणि मे २०२५ मध्ये तिथेच घडलेलं सहा किलोमीटर जाळीचं ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ हे प्रारूप कामाला लागलं. पृथ्वीभरच्या हवेचं गणित लहरींमध्ये करणारी प्रारूपं या संस्थेत आधीपासून चालतात. अशा गणितात हवेचे आकडे एका टप्प्यावर अक्षांशांच्या पट्ट्यांप्रमाणे लावून लागतात आणि पुढच्या टप्प्यावर दुसऱ्या दिशेने. म्हणजे गणिताच्या प्रत्येक पावलाला हजारो प्रोसेसरांमध्ये आडव्याचं उभं आणि उभ्याचं आडवं व्हायला हवं. कोण ते हाताने गोळा करून पाठवतं, कोण साधित प्रकार वापरतं, ही प्रत्येक प्रारूपाची आपापली रीत. पण हालचाल हीच.

सही माहीत असण्याचा आणखी एक फायदा आहे. काही यंत्रं आकड्यातला मोठा बाइट आधी ठेवतात, काही लहान. डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये या भांडणाला गलिव्हरच्या गोष्टीतल्या, अंडं कोणत्या टोकाने फोडावं यावरून लढणाऱ्या लोकांचं नाव दिलं, ते कायमचं चिकटलं. अशी दोन यंत्रं एकमेकांशी बोलायला बसली, तर नुसत्या बाइटांच्या गाठोड्यावरून कोणते आठ उलटे करायचे हे कळणार नाही. पण इथे पूर्णांक, इथे दशांश, इथे एक अक्षर, हे ठाऊक असेल तर एमपीआयची लायब्ररी भाषांतर करू शकते आणि प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही.

प्रकार घडवल्यावर तो वापरण्याआधी ‘कमिट’ करावा लागतो. ही नुसती औपचारिकता वाटते, पण तीच लायब्ररीला विचार करायची संधी आहे. ही भोकं सारख्या अंतरावर आहेत का? चार-चार एकत्र उचलता येतील का? नेटवर्क कार्डालाच मेमरीतून विखुरलेले आकडे वेचायला सांगता येईल का? हे शहाणपण एका रात्रीत आलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत साधित प्रकारांपेक्षा हाताने लिहिलेला फेरा पुष्कळदा वेगवान ठरायचा आणि अनुभवी मंडळी यांच्या वाटेला जात नसत. आजही काही आकारांसाठी मोजून पाहिल्याशिवाय खात्री देता येत नाही. शिवाय विखुरलेले आकडे वेचण्याची किंमत कुठे जात नाही. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी सहसा ६४ बाइट उचलतो, आणि उभ्या रांगेसाठी त्यातले आठच कामाचे. कागद कितीही सुबक असला तरी गल्ली तीच आहे.

तरीही माझा कल वर्णनाकडे आहे. फेरा एकदा लिहिला की तो एका यंत्राच्या आजच्या सवयींना बांधला जातो. वर्णन दिलं, तर उद्याचं यंत्र त्याच वर्णनातून आपल्या सोयीची कृती काढू शकतं. १९९४ च्या मानकाप्रमाणे घडवलेला उभ्या रांगेचा प्रकार आजच्या यंत्रांवरही तसाच चालतो, आणि त्यातली वेचणी तेव्हापेक्षा कितीतरी वेगळ्या रीतीने होते.

१९९७ च्या आवृत्तीत हेच कागद मेमरीतून उचलून डिस्कवरही ठेवता आले. फाइलही शेवटी एक गल्लीच, एका रेषेत लावलेले बाइट. हजार प्रोसेसरांनी मिळून नकाशाचं गणित केलं, प्रत्येकाकडे आपला तुकडा, आणि आता सगळ्यांना एकाच फाइलमध्ये एकच सलग नकाशा लिहायचा आहे. प्रत्येक जण त्या फाइलवर आपला कागद टेकवतो. माझ्या तुकड्याच्या ओळी जिथे पडतात तेवढीच भोकं, बाकी सगळं झाकलेलं. प्रत्येकाला वाटतं, फाइलमध्ये फक्त आपल्याच जागा आहेत आणि त्या सलग आहेत. मग सगळे एकाच वेळी लिहितात. हजार कागद एकमेकांवर पडलेले, कोणाचंही भोक दुसऱ्याच्या भोकावर येत नाही, एकही जागा कोरी राहत नाही. कागद उचलले की खाली नकाशा असतो, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, एकाच हाताने ओळीने लिहीत गेल्यासारखा.